तिसऱ्या हाकेला

एकनाथराव एका हाकेत उठले, असं त्यांच्या संसारात कधी घडलं नाही. दुसऱ्या हाकेतही नाही. सुलभा आतून "अहो, ऐकलंत का" म्हणायची तेव्हा हे पेपरात डोकं घालून बसलेले असायचे. जरा वेळाने दुसरी हाक यायची, तीही वाया जायची. तिसरीला मात्र तिचा आवाज चढायचा आणि मग हे "ओ, आलो, आलो" करत गुडघ्यांवर हात टेकून उठायचे. वर तिलाच ऐकवायचे, "आमच्या कुडाळकडे अशीच रीत आहे. दिवेलागणीनंतर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. भुताला दोनच हाका मारता येतात. तिसरी आली म्हणजे समजायचं, माणूस आहे."

"सकाळी दहा वाजता कसलं भूत हो?"

"तिकडे तेव्हा रात्रच असते."

सातासमुद्रापार शॉमबर्गच्या मराठी मंडळींत हा किस्सा इतका फिरला होता की लोक फोन केला तरी म्हणायचे, "तिसऱ्यांदा रिंग करतोय, आता तरी उचला." आळसाला रीत म्हणण्यात एकनाथरावांचा हात धरणारा कोणी नव्हता. आयुष्यभर पुलांची गणितं केलेला माणूस तो. भुताखेतांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता, पण खुर्चीतून न उठायला सबब म्हणून भूत त्यांना चालत होतं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी सुलभाने दोनच हाका मारल्या.

इंग्लंडमध्ये टेस्ट चालली होती, शेवटची जोडी मैदानात होती. पहिली हाक त्यांनी नेहमीसारखी सोडून दिली. दुसरी जरा बारीक वाटली. ते तिसरीची वाट बघत राहिले. ती आली नाही, तेव्हा तिचं तिने काम उरकलं असेल असं धरून त्यांनी पाय आणखी लांब केले. मॅच संपल्यावर चहा मागायला आत गेले, तर ती वॉशिंग मशीनपाशी पडली होती, हातात ओला टॉवेल. डॉक्टर म्हणाले, मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, कोणी काही करू शकलं नसतं. डॉक्टरांना त्या दोन हाका ठाऊक नव्हत्या. कोणालाच नव्हत्या. मुलगा सत्यजित अल्फारेटाहून मिळेल त्या विमानाने धावत आला, बापाच्या गळ्यात पडून रडला, आणि एकनाथरावांनी त्यालाही काही सांगितलं नाही.

मग काही दिवसांनी हाका सुरू झाल्या. संध्याकाळी, घरात दिवे लावायच्या सुमाराला, कपडे धुवायच्या खोलीकडून. "अहो, ऐकलंत का." थोडं थांबून पुन्हा, "अहो, ऐकलंत का." तिसरी नाही. एकनाथराव घाबरायचे नाहीत. घाबरले असते तर सोपं झालं असतं. ते हातातलं बाजूला ठेवून तिसरीची वाट बघत बसायचे, ती आली की उठायचं असं ठरवून, आणि खिडकीबाहेर पार अंधार होऊन जायचा. उठून त्या खोलीत डोकावायची हिंमत त्यांना एकदाही झाली नाही. पुढे त्यांनी संध्याकाळी टीव्ही मोठ्याने लावायला सुरुवात केली, तरी हाक त्यातूनही यायचीच. फोनवर तो दणदणाट ऐकून सत्यजितला वाटलं, बाबांना ऐकायला कमी येतंय.

"बाबा, थँक्सगिव्हिंगला तुम्ही एकटे बसायचं नाही," त्याने यंदा निक्षून सांगितलं. "माझी त्याआधी लास व्हेगासला कॉन्फरन्स आहे. अदिती आणि सावनी पण येतायत. तुमचं तिकीट बुक केलंय, आता कॅन्सल नाही होणार."

तिकीट वाया घालवणं हे एकनाथरावांच्या रक्तातच नव्हतं. ते गेले.

आणि तिथे भलतंच झालं. हॉटेलच्या तळमजल्यावर अख्खा कॅसिनो होता. ना खिडकी, ना घड्याळ, शेकडो यंत्रं एकाच वेळी किणकिणत, पिपाण्या वाजवत होती. ज्या आवाजाने चांगल्या माणसाचं डोकं उठेल, त्या आवाजात एकनाथराव एका यंत्रासमोरच्या स्टुलावर सोडा घेऊन बसले. संध्याकाळ झालेली तिथे कळत नव्हती. दिवे तर दिवसभर चालूच. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना हाक ऐकू आली नाही. त्यांना इतकं हलकं वाटलं की समोरच्या यंत्रावर नाचणाऱ्या चेरींकडे बघत ते तिथेच पेंगले.

सत्यजितने बापाला शोधून काढलं आणि हलवून जागं केलं. आपले बाबा, पै पैचा विचार करणारे, जुगाराच्या यंत्रापुढे बसून डुलक्या घेतायत. "तुम्हाला शांततेची गरज आहे," तो म्हणाला. "माझी कॉन्फरन्सही आज संपली. उद्यापासून आपण इथे राहायचंच नाही."

एकनाथराव काय सांगणार? इथल्या गोंगाटात तुझी आई हाक मारत नाही, असं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी शहर सोडलं. तासाभराच्या अंतरावर तांबड्या डोंगरांच्या पायथ्याशी लाकडी केबिन्स होत्या, एकमेकींपासून चांगल्या लांब. टीव्ही नाही, फोनला रेंज नाही. त्याचीच तर जाहिरात होती. आजूबाजूला वाळू, काटेरी झुडपं आणि जोशुआ नावाची वेडीवाकडी झाडं. दगडांचा रंग असा की नुकतंच कोणीतरी गेरूने सारवून गेलंय. सून अदितीने पायऱ्यांवर उभं राहून मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "काय शांत आहे ना, बाबा." एकनाथरावांना ते दिसतच होतं.

आठ वर्षांच्या सावनीला ती शांतता मुळीच पसंत नव्हती. पण मागच्या खडकाशी उभं राहून ओरडलं की आवाज परत येतो, हा शोध लागल्यावर तिची दुपार मजेत गेली. "सावनी!" ती ओरडायची, आणि डोंगर तिला तिचं नाव परत द्यायचा, एकदा मोठ्याने, एकदा बारीक. ही नात म्हणजे नियमांची मोठी भोक्ती. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलमधला माणूस उजळेपर्यंत पाय उचलायची नाही, आणि बाप घाईने निघाला तर त्याचा शर्ट धरून ठेवायची. सुलभाला तिचं भारी कौतुक. "आमची ठकू म्हणजे सरळ रेघ," म्हणायची. ठकू हे नाव फक्त तिचंच होतं, दुसरं कोणी त्या नावाने हाक मारत नसे, आणि ती गेल्यावर ते घरात उच्चारलंही गेलं नव्हतं.

संध्याकाळी पायऱ्यांवर बसल्यावर सावनी आजोबांना चिकटली. "आजोबा, टेल मी अ स्केअरी स्टोरी. पण रिअल."

रिअल म्हटल्यावर एकनाथरावांनी आपलं एकमेव भांडवल बाहेर काढलं. कुडाळच्या बाजारातून अंधाराचे परतणारे त्यांचे थोरले काका, पाठीमागून नावाने आलेली हाक, मग दुसरी हाक, काकांनी घट्ट मिटलेलं तोंड, आणि न आलेली तिसरी. दोन वर्षांत त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. सांगताना दोनदा थांबावंसं वाटलं, पण पोरीचे डोळे असे मोठे झाले होते की थांबणंही जमेना.

"म्हणून सूर्य गेला की तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही," त्यांनी समारोप केला.

"व्हॉट इफ इट्स डॅड?"

"डॅड असेल तर तिसरी मारेलच. माणसाला कसली अडचण?"

सावनीने विचार केला. "आणि एको? दुपारी माझ्या एका हाकेच्या थ्री झाल्या."

एकनाथरावांनी अंपायरच्या गांभीर्याने निर्णय दिला. "प्रतिध्वनी धरायचा नाही. ती त्यांची लबाडी. आणि तिन्ही हाका एकाच जागेवरून यायला पाहिजेत. एक इकडून, एक तिकडून, असं असेल तर तोंड बंद."

"गॉट इट," सावनी म्हणाली. तिने ते खरंच नीट गाठीला बांधून ठेवलं.

"बाबा, प्लीज," अदिती आतून म्हणाली. "हिच्या शेजारी मला झोपावं लागतं."

बाकी सगळे आत गेले. डोंगरापलीकडे व्हेगासच्या दिव्यांनी आभाळाचा एक कोपरा उजळला होता. एकनाथराव बाहेरच खुर्चीत त्या उजेडाकडे बघत बसले होते, आणि केबिनच्या मागून, अगदी स्वच्छ, शॉमबर्गच्या घरात कधी आली नव्हती इतक्या जवळून हाक आली. "अहो, ऐकलंत का." मग दुसरी. एवढ्या लांब, डोंगर, वाळवंटं ओलांडून ती आली होती. त्यांचे डोळे भरून आले. ते खुर्चीच्या हातांना धरून तिसरीची वाट बघत राहिले. अदितीने शेवटी शाल आणून दिली आणि "बाबा, गारठलात तुम्ही" म्हणत त्यांना आत नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पायवाटेने डोंगरात गेले. एकनाथरावांच्या गुडघ्याने गाडीतळाशेजारच्या दगडी टेबलापाशीच संप पुकारला, म्हणून त्यांना तिथे खाऊच्या पिशव्यांसोबत बसवलं. परतताना सावनी पुढे पळत होती. वाटेला एक वळण होतं. सत्यजित आणि अदिती वळणापाशी पोचले तेव्हा पुढे वाट रिकामी होती. ते धापा टाकत गाडीतळावर आले, पोरगी आजोबांजवळ बसून खात असेल अशा आशेने.

"सावनी इथे आली ना?"

एकनाथरावांजवळ फक्त तिचं जाकीट होतं. दुपारी उकडतंय म्हणून तिने तेही काढून ठेवलं होतं.

नोव्हेंबरातला दिवस तो, सूर्य बघता बघता डोंगराआड गेला आणि गारवा लगेच जमिनीतून वर यायला लागला. रात्री इथे बाहेर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी गोठतं, हे त्यांनी सकाळीच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरीच्या अंगावर नुसता टीशर्ट. फिरायला आलेलं एक जोडपं गाडी काढून रेंज मिळेल तिथे त्या डोंगराळ पार्कच्या रक्षकांना फोन करायला गेलं. सत्यजित वाटेने परत वर धावला, अदिती रस्त्याच्या कडेने.

"बाबा, तुम्ही इथून हलू नका," सत्यजितने जाता जाता बजावलं. "ती परत आली तर कोणीतरी पाहिजे."

एकनाथराव जाकीट मांडीवर घेऊन बसले. वरून सत्यजितची हाक आली. "सावनी!" डोंगराने ती तोडून इकडेतिकडे टाकली. मग पुढची हाक बऱ्याच वरून आली, त्याच्या पुढची भलत्याच बाजूने. रस्त्याकडून अदितीची. उत्तर नाही. एकनाथरावांना पहिल्यांदा वाटलं की पोरीला काही झालंय. मग आणखी एक हाक आली, तिचे दोन तुकडे दगडांवरून परत आले, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ती उत्तर देणार नव्हती. सूर्य गेला होता. हाका इकडून एक, तिकडून एक अशा येत होत्या. सत्यजित एका जागी थांबत नव्हता. कुठला बाप थांबेल? आणि सरळ रेघेसारखी ती पोरगी कुठेतरी दगडाआड तोंड मिटून, थंडीने काकडत, आजोबांचा नियम पाळत बसली होती. बाप घसा फोडून हाका मारत होता आणि ती त्याला भूत समजत होती.

एकनाथरावांनी असलं नसलं सगळं बळ एकवटून ओरडून पाहिलं. "सत्या! एका जागी थांब! तीनदा हाक मार!" आवाज दगडांत सांडला. वरून काही आलं नाही. आपण पुन्हा तेच केलं, त्यांना वाटलं. आधी तिला गमावलं, आता हिला. तेच थोतांड, दोन्ही वेळा. त्यांना आपली जीभ उपटून टाकावीशी वाटली.

तेवढ्यात हाक आली. "अहो, ऐकलंत का."

पायवाटेकडून नाही, रस्त्याकडूनही नाही. टेबलाच्या मागे एक कोरडा ओढा खाली उतरत गेला होता, पावसाचं पाणी कधीकाळी वाहून गेलेली वाळूची नळी. तिकडे कोणी शोधायला गेलं नव्हतं, कारण तिकडे वाटच नव्हती. "अहो, ऐकलंत का." दुसरी.

एकनाथराव तसेच बसून राहिले. सवयच ती. जन्मभर जे केलं तेच करायला त्यांचं अंग तयार होतं: थांबायचं, तिसरी येऊ द्यायची, मग उठायचं. हाताखाली जाकिटाचं मऊ कापड होतं. त्याच्या आत अजून पोरीच्या अंगाची ऊब असल्यासारखी वाटत होती, ती नसणार हे माहीत असूनही. आणि ते उठले. गुडघ्यावर हात न टेकता उठले, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं.

ओढ्यातली वाळू पायाखालून सरकत होती. दोन्ही बाजूंचे खडक वर वर जात होते आणि उजेड तांबूस, मग करडा होत चालला होता. आवाज पुन्हा आला नाही. पण तो कुठून आला होता ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, घरातल्या घरात कळावं तसं. ओढा जिथे डावीकडे वळतो तिथून, त्या पांढऱ्या दगडापासून. ते धडपडत, एकदा हातांवर पडत, दगडापर्यंत पोचले. तिथे कोणी नव्हतं. वाळूवर पाऊलही नव्हतं.

आता तीन हाका मारायच्या. एका जागेवरून, मध्ये थांबून, आवाज पूर्ण विरू देऊन. त्यांनी मनाशी नीट ठरवलं, छाती भरून श्वास घेतला. सावनी म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"ठकू!"

"ओ!"

लगेच, मागे न पुढे, डोक्यावरून. वरच्या कपारीवर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, ओठ निळसर, दात वाजतायत. ते कसेबसे वर चढले. कपार तिच्यापुढे चारच पावलं जात होती आणि मग दगड सरळ खाली तुटला होता. पावसाळ्यात धबधबा पडत असावा अशी जागा, तळाशी नुसता काळोख. त्यांनी तिला मागे ओढलं, जाकीट चढवलं, छातीशी घट्ट धरलं.

"आय फॉलोड अ शीप, आजोबा. मोठी शिंगं होती त्याला," ती त्यांच्या स्वेटरमध्ये पुटपुटली. "तो तिकडून गेला. मी पण जात होते."

"कुठून?"

तिने त्या तुटलेल्या दगडाकडे बोट दाखवलं. एकनाथरावांनी डोळे मिटले.

"मग गेली का नाहीस?"

"हाक आली ना. म्हणून थांबले. मग खाली बसले आणि वेट केलं."

"डॅडच्या हाका ऐकू आल्या नाहीत तुला?"

"आल्या. पण एक इथून, एक तिथून. आणि एको. मी तोंड बंद ठेवलं." ती अभिमानाने म्हणाली. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आय डिड इट राइट, ना?"

"बरोबर केलंस," ते म्हणाले. चूक तिची नव्हती. "पण मग मी एकदाच हाक मारली, तर ओ कशी दिलीस? तीन कुठे झाल्या?"

"झाल्या की," सावनी म्हणाली. "दोन आधी झाल्या होत्या. सेम जागेवरून, त्या व्हाइट दगडापाशी, जिथे तुम्ही उभे होतात. ठकू, ठकू. आजीने दोन मारल्या. तुमची थर्ड."

खाली ओढ्यात वारा पडला होता. एकनाथराव पांढऱ्या दगडाकडे बघत राहिले. भुताला दोनच हाका मारता येतात, हे ते जन्मभर थट्टेत सांगत आले होते. मारता येतील तेवढ्या दोन हाका ती दोन वर्षं रोज मारत होती, आणि हा माणूस तिच्याकडे तिसरी मागत बसला होता.

"ओ," ते म्हणाले. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "ओ, सुलभा. आलो गं."

डोंगराने ती ओ परत दिली, एकदा मोठी, एकदा बारीक. दुसरं काही आलं नाही. "एको धरायचा नाही," सावनीने आठवण करून दिली आणि त्यांचा हात धरला.

गाडीतळावर दिव्यांची उघडझाप करत पार्कची गाडी आली होती. अदिती धावत आली आणि पोरीला मिठी मारून मटकन खालीच बसली. सत्यजित बापाकडे बघत राहिला, वाळूने माखलेली पँट, खरचटलेले तळहात.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं ती तिकडे आहे?"

"हाक ऐकू आली."

"तुम्हाला?" सत्यजित म्हणाला. "आम्हाला दोघांना नाही ऐकू आली."

ऐकू कमी येतं असं मुलाला वाटत असेल तर वाटू दे, ते खोटंही नव्हतं. गाडीत सावनी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. नियम बदलला, असं त्यांनी झोपेपूर्वीच तिला सांगून टाकलं होतं: आपल्या माणसाचा आवाज असेल तर पहिल्या हाकेलाच ओ द्यायची, दिवस असो की रात्र. "मग घोस्ट असला तर?" तिने विचारलं होतं. "असला तरी," ते म्हणाले होते.

शॉमबर्गला परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावला नाही. कपडे धुवायच्या खोलीचा दिवा लावला, दार उघडं ठेवलं आणि बाहेर खुर्चीच्या अगदी काठावर बसले, पहिल्याच हाकेला उठता यावं म्हणून. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरला आणि थांबला. दिवेलागण झाली, होऊन गेली.

दुसऱ्या दिवशीही ते तसेच बसले, त्यानंतरही. हाक आली नाही.